छप्पर नसलेल्या घराचं माप

आधीच सांगते, मला कीर्तनातलं काहीही कळत नाही. माझं मराठीही असंतसंच, कारण मी वाढले कोलकात्यात, बेहाला भागात. शाळेत इंग्लिश, गल्लीत बंगाली, ऑटोत हिंदी, आणि मराठी फक्त आईशी भांडायला. पण गेल्या जानेवारीत मी एका कीर्तनात काठी धरून उभी होते आणि ते मला कुणालातरी सांगायचंच आहे, तर सांगते.

आमच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर एक काका राहायचे. मराठी आणि ज्यू. दोन्ही एकदम! मी लहान असताना मला वाटायचं ते चेष्टा करतात. पण ते बेने इस्राएल होते, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या कोकणात राहिलेले ज्यू. घरात मराठी, प्रार्थना हिब्रूत, आणि जेवणात नारळाशिवाय पान हलत नाही. सरकारी ऑफिसात ड्राफ्ट्समन होते, बदली होऊन कोलकात्याला आले आणि इथेच राहिले. काकू गेल्या, मुलगी इस्राएलमध्ये. ती दर फोनवर म्हणायची, या आता. शेवटी काका हो म्हणाले. तिकीट आलं. फेब्रुवारीचं.

आणि मग एका रविवारी सकाळी ते जिना चढून आमच्याकडे आले. तिसरा मजला. धापा टाकत. हातात एक वही, जुनी, कडा खाल्लेली.

"बाय, तू ते कॉम्प्युटरवर घरं काढतेस ना?"

मी सॉल्ट लेकला सेक्टर फाइव्हमध्ये एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्रॉइंग करते. म्हणजे बाथरूमच्या टाइल्स मोजते. पण म्हटलं, "हो, काढते. कुणाचं घर?"

"देवाचं," काका म्हणाले.

आईनं चहा ठेवला. वही काकांच्या वडिलांची होती. वडील कीर्तन करायचे. त्यांच्या लोकांत तशी रीतच होती म्हणे, हिब्रू धर्मग्रंथातल्या गोष्टी मराठीत, पेटीवर, साकी-दिंडी म्हणत सांगायच्या. पूर, समुद्र दुभंगला, राक्षसाला गोफणीनं मारलं, असल्या गोष्टींना गर्दी व्हायची. आणि एका वर्षी वडिलांनी ठरवलं की आपण त्या संदेष्ट्याचं देऊळ सांगायचं. एक संदेष्टा होता, लोकांबरोबर कैद होऊन परमुलखात नेलेला, पंचवीस वर्षं झाली होती, घरचं देऊळ जळून राख झालेलं. त्याला दृष्टांत झाला. उंच डोंगरावर एक माणूस उभा, एका हातात काठी, एका हातात तागाची दोरी. तो माणूस ह्याला एका नव्या देवळातून हिंडवतो आणि मोजतो. भिंत मोजतो. दार मोजतो. खोल्या मोजतो. पायऱ्या मोजतो.

"मग?" मी म्हटलं.

"मग काय? मोजतोच!" काका म्हणाले. "पानंच्या पानं मोजतो. लोक एकेक करून उठून गेले गो. मी आठ वर्षांचा, झांज वाजवत होतो. शेवटी आई आणि मी. आणि बत्तीवाला, कारण बत्ती त्याची होती."

मी हसले. आईनं डोळे वटारले. पण काकाही हसत होते.

"वडिलांनी परत कधी ते कीर्तन केलं नाही," ते म्हणाले. "मला एकदा करायचंय. इथे, आपल्या मराठी मंडळात, संक्रांतीच्या कार्यक्रमात. एकही माणूस उठून जाता कामा नये. तिकडे नातवंडांना काय सांगू, तुमच्या पणजोबांचं एक कीर्तन होतं, लोक कंटाळून पळाले?"

बस. एवढंच पाहिजे होतं त्यांना. एकानंही उठायचं नाही. सेक्रेटरींनी पाऊण तास दिला होता, जेवणाच्या आधी, म्हणजे सगळ्यात वाईट वेळ. आईनं लगेच सांगितलं, पेटी मी वाजवते. आणि मी, कारण मला कुठल्याही गोष्टीला नाही म्हणताच येत नाही, म्हटलं की काका, मी थ्रीडी करून देते, पडद्यावर दाखवू, कॅमेरा दारातून आत शिरेल, असं भारी दिसेल की कोण उठतंय बघू!

दोन आठवडे मी ऑफिसातून आल्यावर तेच करत होते. वहीत माप 'हात' आणि 'बोटं' असं होतं. काठी सहा हातांची, पण प्रत्येक हात म्हणजे एक हात आणि वर चार बोटं. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, आणि पुढे चार बोटं आडवी. मी सगळं मिलिमीटरमध्ये केलं. अंगण झालं, फाटकं झाली, पहारेकऱ्यांच्या खोल्या झाल्या, मधलं मुख्य घर झालं. दगडाचा रंग दिला. खजुराची झाडं कोरली, वहीत होती. आणि एका संध्याकाळी लॅपटॉप टीव्हीला लावून काकांना बोलावलं.

काका टीव्हीच्या अगदी जवळ खुर्ची ओढून बसले. कॅमेरा पूर्वेच्या फाटकातून आत गेला. काका पुटपुटत होते, बरोबर, तीन खोल्या इकडे, तीन तिकडे, बरोबर. मी तर उडतच होते. मग मुख्य घर आलं आणि काका थांबले.

"हे छप्पर कुठून आणलंस?"

"म्हणजे?"

"वहीत आहे छप्पर?"

नव्हतं. खरंच नव्हतं. बाहेरच्या भिंतीची उंची होती, यज्ञाच्या टेबलांची पण होती, मुख्य घराची लांबी होती, रुंदी होती. उंची नव्हतीच. मी म्हटलं, "काका, सॉफ्टवेअर उंची मागतं ना. दिली नाही तर भिंत उभीच राहत नाही. म्हणून मी आपली दिली. आणि छप्पर नसेल तर घर पडकं वाटतं."

"तू दिलीस," काका म्हणाले. रागावले नव्हते, पण गंमतही वाटत नव्हती त्यांना. "देवाच्या घराची उंची. तू."

मला एकदम बाथरूमच्या टाइल्स आठवल्या.

मग ते म्हणाले, "आमच्या ऑफिसात साहेब माप द्यायला विसरले की नवीन पोरं अंदाजानं आकडा टाकायची. मार खायची. नियम असा होता की माहीत नसेल तिथे मोकळं सोडायचं आणि बाजूला लिहायचं, 'जागेवर बघून घेणे'. तसंच आहे हे. खालचं सगळं आपल्याला मोजून दिलंय, कुठून शिरायचं, कुठे उभं राहायचं. वरचं मोकळं सोडलंय. ते जागेवर गेल्यावर बघायचं."

"पण मग एवढं मोजायचं कशाला?" मी वैतागून म्हटलं. "बांधलं तर कुणीच नाही ना ते?"

"नाही बांधलं."

"मग?"

काकांनी खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला. "तू पंचवीस वर्षं परमुलखात आहेस. घर जळलंय. कोणी येऊन म्हणालं, काळजी करू नको, सगळं छान होईल, तर तू काय करशील?"

"मी? मी तर ब्लॉक करेन."

"बरोबर. पण तोच माणूस आला आणि काही न बोलता टेप काढून मोजायला लागला, तर? मोजणारा माणूस खोटं बोलत नसतो, बाय. नुसतं 'बघू, करू' म्हणणारा कधी माप घेत नाही. शिंप्यानं टेप काढला की समजायचं, कपडा होणार. त्या लोकांना घर मिळालं नाही, पण कोणीतरी त्यांच्यासाठी माप घेतलं. बास झालं तेवढं जगायला."

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हातात कणीक.

"आणि अजून एक," काका म्हणाले, आता रंगात आले होते. "आधी त्याच संदेष्ट्यानं बघितलेलं असतं, की देवाचं तेज जुनं देऊळ सोडून चाललंय. कुठे? पूर्वेकडे. आणि ह्या लोकांना कैद करून कुठे नेलंय? पूर्वेकडेच! लोक रडतायत की देव मागे राहिला आणि तो तर त्यांच्याच वाटेनं निघालाय. आता सांग, आमच्या अलिबागहून कोलकाता कुठल्या दिशेला?"

"पूर्वेला!" आई दारातून ओरडली. माझ्याआधी.

दृष्टांतात शेवटी जमीन वाटतात तेव्हा म्हणे परक्यांनाही वाटा असतो, जे येऊन राहिले, ज्यांना तिथे पोरं झाली, त्यांना. ही ओळ काका दोनदा वाचायचे. आणि देवळाच्या उंबऱ्याखालून पाणी निघतं, पूर्वेकडे वाहतं, वाढत वाढत नदी होते, खारा समुद्र गोड करते, फक्त दलदल तेवढी खारी राहते, मिठासाठी.

"म्हणजे माझं ऑफिस!" मी म्हटलं. सॉल्ट लेक ना, आधी सगळी खारी दलदलच होती ती.

"मीठ पण लागतंच की," काका म्हणाले. "सगळंच गोड झालं तर आमटीत काय घालशील?"

तर, थ्रीडी रद्द. छप्पर काढलं की मॉडेल खरंच पडकं वाटत होतं आणि छप्पर ठेवायला काका तयार नव्हते. कार्यक्रमाला चार दिवस. मला रडू येत होतं, कारण आता नुसती मापं राहिली आणि लोक उठणार हे नक्की. काकांनाच सुचलं. "त्या माणसाच्या हातात काठी होती. कॉम्प्युटर कुठे होता?"

गल्लीच्या तोंडाशी सरस्वती पूजेचा मांडव बांधत होते. बांबूंचा ढीग. आम्ही मिस्त्रींना एक बांबू मागितला. सहा हात आणि वर सहा वेळा चार बोटं, एवढा कापून द्या.

मिस्त्रींनी करवत खाली ठेवली. "हाथ किसका, दीदी? आपका कि दादू का?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. हा प्रश्न कुणाला पडलाच नव्हता! काकांचा हात लांब, माझा आखूड, काठीत जवळजवळ फूटभर फरक पडत होता. काकांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "काठी हिच्या हातात असणार. मी नुसता बघणार आणि सांगणार. हिचाच हात धरा." मग मी बांबूवर कोपर टेकलं, मिस्त्रींनी पेन्सिलनं खूण केली, चार बोटं, खूण, परत कोपर. तीन मीटरला एखादं बोट कमी. माझ्या हाताचं देवाचं माप! मी त्या दिवशी ऑफिसात सगळ्यांना कोपर दाखवत फिरले.

तीन मीटरचा बांबू मेट्रोत नेता येत नाही. बसमध्ये तर कंडक्टरनं आमच्याकडे बघितलंही नाही. म्हणून संक्रांतीच्या दिवशी दुपारी आम्ही एक सायकल-व्हॅन ठरवली, ती सपाट फळीची, सिमेंटची पोती नेतात ती. त्यावर बांबू, पेटी, पेटीला धरून काठापदराच्या साडीत आई, आणि बाजूला पाय सोडून काका, कोट-टोपीत. मी मागून सायकलवर. बाबा "मी मेट्रोनं येतो" म्हणून केव्हाच सटकले होते. बँकेतलं कोणी बघेल ना!

हॉलमध्ये पस्तीसेक माणसं. बँकवाले, आयटीवाले, काही बंगाली शेजारी. तिळगूळ वाटून झालेला, मागे जेवण उतरलेलं, मसालेभाताचा वास. काका उभे राहिले, आईनं सूर धरला. पहिली साकी नीट झाली. गोष्ट सुरू झाली. परमुलूख, पंचवीस वर्षं, डोंगर, काठीवाला माणूस. मग काका म्हणाले, "मोज, बाय," आणि मी बांबू जमिनीवर आडवा टाकला.

पहिलं माप बाहेरच्या भिंतीचं. तिची जाडी एक काठी. मी मागच्या दारापासून मोजलं, खडूनं रेघ मारली. आणि काका गंभीरपणे म्हणाले, "वहिनी, तुम्ही भिंतीत बसलायत."

मागच्या दोन रांगा भिंतीत! सगळे हसले. भिंतीतली माणसं खुर्च्या उचलून पुढे आली. एक काकू म्हणाल्या, "अहो, मी कुठे बसू, इथे काय आहे?" काका म्हणाले, "तिथे पहारेकऱ्याची खोली. एक काठी लांब, एक काठी रुंद. बसा, पहारा करा." आता प्रत्येकाला कळायला पाहिजे होतं आपण कुठे आहोत. मी बांबू पालटत होते, सुतळी ताणत होते, रेघा मारत होते. दुसरी खोली. मधे पाच हात. तिसरी खोली.

आणि तिसऱ्या खोलीला एक आजोबा उठले. पहिल्या रांगेतले, मफलरवाले. काकांनी बघितलं. मीही. काकांचा आवाज एकदम बारीक झाला, आईनं पेटीवरून मान वर केली. आजोबा खुर्च्यांमधून वाट काढत निघाले, दाराकडे, असंच वाटलं, आणि मग वळून माझ्याकडे आले.

"सुतळी ढिली आहे," म्हणाले. "मघापासून बघतोय. बत्तीस वर्षं रस्ते बांधलेत मी. ढिल्या दोरीनं माप घेतात का? आण ते टोक इकडे."

आणि त्यांनी टोक धरलं, गुडघ्यावर बसून! काकांचा आवाज असा परत आला की बाहेरचा वॉचमन डोकावला.

मग स्टेज आलं. भिंत आली. हॉल संपला. मी खडू हातात घेऊन म्हटलं, "काका, जागा नाही आता."

"किती झालं?"

मी वहीत बघितलं. "अर्धं फाटक."

हॉलमध्ये असा हशा! एवढं मोजून आम्ही अजून पहिल्या दारातच होतो. काका पण हसत होते, टोपी काढून डोकं पुसत होते. "हेच," ते म्हणाले. "वडिलांना हेच सांगायचं होतं. लोकांना वाटलं मापं सांगून कंटाळा आणतायत. ते सांगत होते, बघा केवढं आहे. आपण आयुष्यभर चाललो तरी दारात असू. पण आत आहोत. बाहेर नाही."

ठरलं होतं ते इथपर्यंतच. पुढे पाण्याची साकी म्हणायची आणि संपवायचं. पण काकांनी वही बंद केली आणि म्हणाले, "पाणी उंबऱ्याखालून निघून पूर्वेकडे जातं. चला."

"कुठे?" मी.

"पूर्वेकडे. तो माणूस संदेष्ट्याला बसवून ठेवत नाही, बाहेर घेऊन जातो. चला सगळे."

मी फोनवर कंपास उघडला. हॉलचं दार खरंच पूर्वेला उघडत होतं, गल्ली सरळ मेन रोडपर्यंत! मी बांबू खांद्यावर घेतला, मफलरवाले आजोबा सुतळी घेऊन, काका, आणि मागे अख्खं मंडळ, हातात तिळगुळाच्या पुड्या. आई पेटी टाकून चपला शोधत पळत आली. ग्रंथात दर हजार हातांवर पाणी वाढतं. आम्ही शंभर हातांवर आणलं, कारण सेक्रेटरी म्हणाले भात गार होईल.

चहाच्या टपरीपाशी पहिले शंभर हात झाले. टपरीवाला घाबरला. "क्या नाप रहे हैं? रोड चौड़ा होगा क्या? दुकान जाएगा?"

"नहीं भाई, नदी आ रही है," काका म्हणाले. "यहाँ घोट्यापर्यंत... टखने तक."

"ओ," टपरीवाल्याचा जीव भांड्यात पडला. "वो तो हर साल आता है. यहाँ टखना, दवाई दुकान पे हाँटू, उसके आगे कोमर." हाँटू म्हणजे गुडघा, कोमर म्हणजे कंबर. कोलकात्यात पावसाचं पाणी असंच मोजतात, अंगावर. काका त्याच्याकडे बघतच राहिले. वहीत अगदी हाच क्रम होता! घोटा, गुडघा, कंबर. औषधाच्या दुकानापाशी आम्ही गुडघ्यात होतो, आणि काका सांगत होते की नदीच्या दोन्ही काठांना झाडं, त्यांची पानं औषधाची. दुकानदार काउंटरवरून ऐकत होता. लॉण्ड्रीपाशी कंबर. आणि चौथं माप संपलं तेव्हा समोर मेन रोड. संध्याकाळचे सहा. बस, मिनीबस, ऑटो, टॅक्सी, सगळं वाहतंय, पलीकडे जायची सोयच नाही.

"चौथ्या वेळी," काका मोठ्यानं म्हणाले, हॉर्नच्या वर आवाज काढून, "अंगावर मोजायचं राहत नाही. पाणी एवढं असतं की त्यात पोहायचं फक्त. इथे काठी संपते."

मी बांबू खाली ठेवला. पुढची ओळ माझी होती. काठीवाला माणूस संदेष्ट्याला विचारतो, बघितलंस ना? एवढंच. मी विचारलं, "बघितलंत ना, काका?"

त्यांनी मान मागे वळवली. फुटपाथभर माणसं, एक काकू अजून पुडीतला तिळगूळ खात, आजोबा सुतळी गुंडाळत. नाक पुसलं. मग म्हणाले, "दृष्टांतातल्या नगराचं नाव एवढंच, की देव तिथे आहे. चला, भात गार होतोय."

पण स्वतः हललेच नाहीत. खिशातून फोन काढला आणि तिथेच, रहदारीच्या काठावर, मुलीला लावला. स्पीकरवर. ती म्हणाली, "बाबा, झालं? कोणी उठलं का?"

"उठले गो," काका ओरडले. "सगळे उठले! पार मेन रोडपर्यंत आले!"

"सगळे? अहो बाबा..."

"अगं, मी सगळ्यात पुढे होतो!"